शेजारचं जोडपं शारजाला निघालंय? एवढं तरी कराच

बातमी कळली की पहिलं काम म्हणजे 'अरे वा' म्हणायचं आणि लगेच त्याला 'पण' जोडायचा. 'अरे वा, पण दोघंही जाणार? मग सासूबाईंचं कसं?' सासूबाई समोर बसलेल्या असाव्यात, त्याशिवाय प्रश्नाला वजन येत नाही.

मग पगार विचारा. आकडा दिरहममध्ये सांगितला तर तिथल्या तिथे मोबाइल काढून रुपयांत करा आणि 'त्यात टॅक्सही नाही म्हणे' हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. तिथलं घरभाडं कुणी सांगू लागलं तर चहाकडे लक्ष द्या.

शारजा म्हटलं की १९९८ चा सचिन आठवलाच पाहिजे. 'तिथे शाळा पण असतात का?' हे त्यानंतर.

निरोपाला जड वस्तू द्या. पितळी समई उत्तम.

कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका, 'ते काय, आठ दिवसांत होतं' एवढंच म्हणा. निघालेलं जोडपं म्हणजे आम्हीच, दोघंही शिक्षक, आणि आमच्या बी.एड.च्या प्रमाणपत्रांनी गेल्या चार महिन्यांत आमच्यापेक्षा जास्त प्रवास केलाय. मुंबईचा शिक्का, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि तिथे पोचल्यावर आणखी एक राहिलाच आहे. त्यात माझी पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. म्हणजे मी आणि मी एकच बाई आहोत हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला, आणि त्याच्यावरही तेवढेच शिक्के. अशा वेळी 'पण तू नाव बदललंसच कशाला?' असं अवश्य विचारा. ज्यांनी मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून घेतलं होतं, त्याच आत्याबाईंनी विचारलं तर फारच उत्तम.

आता मुख्य सल्ला. जाणाऱ्याच्या बॅगेत जागा असतेच. माणशी तीस किलो, त्यात दोघांचा अख्खा संसार, कुकर, वर्षाचा गोडा मसाला, सासूबाईंनी दिलेला देव्हारा. तरी असतेच. निघायला चार दिवस उरले की रात्री साडेनऊला बेल वाजवा. बॅगा काट्यावर चढवलेल्या असतील तर वेळ अगदी बरोबर साधली म्हणायची. पिशवी पुढे करा. 'काही नाही गं, चार-पाच किलोच आहे.' तिला खाकी टेप इतका गुंडाळलेला असावा की आतलं काही दिसता कामा नये. काय आहे विचारलं तर 'खाऊ' म्हणा.

परवा आमच्याकडे असाच खाऊ आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. धोंड्याचा महिना, जावयाचं वाण, आणि जावई अबू धाबीला. 'शारजाहून जवळच ना?' हो, अगदी जवळ. आपल्या नाशिकहून मुंबई आहे, तितकंच. काकू गेल्यावर मी यांना न विचारता कात्री घेतली. आत स्टीलचा डबा, डब्यात तेहतीस अनारसे, दोन-दोनमध्ये बटर पेपर घालून नीट रचलेले, आणि प्रत्येकाच्या अंगावर गच्च खसखस. बाजूला ओल्या फडक्यात विड्याची पानं, वाणाला लागतात म्हणून.

खसखस! अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात हो. पानंही चालत नाहीत. आखातात जाणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली हीच गोष्ट सांगेल. म्हणजे मी तिथल्या कस्टमवाल्याला काय सांगायचं होतं? की साहेब, हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, म्हणून तीस आणि तीन? ज्या नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणला, त्या नोकरीवर हजर व्हायच्या आधीच आम्ही दोघं विमानतळावरून आत! बॅग कुणाच्या नावावर? टॅग कुणाच्या पासपोर्टला? 'आत काय आहे माहीत नव्हतं' हे तिथे कोण ऐकून घेणार आहे? जावयाला अनारसे मिळाले नाहीत तर काय होतं? काही होत नाही! हे मी काकूंना सांगायला गेले तर म्हणाल्या, 'एवढीशी तर खसखस. पण तुम्ही उघडलंतच कशाला?' आणि मी जिना उतरत असताना मागून, 'आतापासूनच तोरा बघा.'

सुट्टीत राहायला येण्याच्या तारखा आत्ताच कळवून टाका.

आणि सगळ्यात शेवटी, दारात चपला घालताना, मान हलवत विचारा, 'तुम्हीच चाललात, मग इथल्या मुलांना कोण शिकवणार?'

हे विचारलं तिसऱ्या मजल्यावरच्याच काकांनी. काका, विचारलंतच तर ऐका. अकरा वर्षं मी इथल्याच मुलांना शिकवलं. शाळा विनाअनुदानित, मग पगाराला सरकारी अनुदान २० टक्के, मग ४०, आणि दर जूनमध्ये 'पुढचा टप्पा येतोय'. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षण सेवकाचं, म्हणजे नव्यानं लागलेल्या शिक्षकाचं, मानधन महिना ८,००० होतं, ते १८,००० व्हायला २०२३ उजाडलं. आमच्या शाळेत पहिली सहा वर्षं ते आठ हजारही दिसले नाहीत. यांची शालार्थ आयडीची, म्हणजे ज्याशिवाय सरकारी पगार निघत नाही त्या नंबराची, फाइल कुठल्या टेबलावर आहे ते अजून कुणी सांगत नाही. मतदार याद्या घेऊन तुमच्या दारात आम्हीच उभे होतो ना? आझाद मैदानात भर पावसात बसलो होतो, तेव्हा 'मास्तरांना काम नको, नुसता पगार हवा' असं या सोसायटीच्या गेटवर कोण म्हणालं होतं? तुमच्या नातीच्या क्लासला तुम्ही दीड लाख भरलेत. शाळेत तिला विज्ञान मी शिकवलं, तीन वर्षं. बाई खाते काय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. आणि आता आम्ही निघालो तेव्हा तुम्हाला मुलं आठवली होय?

डबा खाली वॉचमनकडे ठेवलाय, घेऊन जा. तेहतीसातले दोन कमी आहेत, ते आम्ही खाल्ले. टेप मात्र परत चिकटत नाही.