‘बोल्ट फिरवला की संप’: अमेरिकी रेल्वेविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील रेल्वे युनियनांविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा: तेथे एका युनियनच्या कामगाराने दुसऱ्या युनियनच्या वाट्याचा बोल्ट फिरवला तरी संप होतो, कंपनीला एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागतात, सगळ्यांची मिळून एक युनियन केली तर तंटाच उरणार नाही, आणि या हट्टापायीच अमेरिकेची रेल्वे बुडाली. यातल्या दुसऱ्या विधानात तथ्य आहे आणि तिसरे ऐकायला पटण्यासारखे आहे. पहिले आणि चौथे मात्र तपासले की टिकत नाहीत.

संपाचा मुद्दा आधी घेऊ. अमेरिकेत रेल्वेसाठी 1926 पासून रेल्वे लेबर ॲक्ट हा स्वतंत्र कायदा आहे आणि नवा करार करताना उद्भवणारा वाद व झालेल्या कराराच्या अर्थावरून उद्भवणारा वाद यांना त्यात वेगवेगळे मार्ग आहेत. ‘हे काम कोणाचे’ हा तंटा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. अशा तंट्यांसाठी 1934 च्या दुरुस्तीने नॅशनल रेलरोड ॲडजस्टमेंट बोर्ड स्थापन झाले. त्यावर कंपन्यांचे आणि युनियनांचे सभासद समसमान असतात आणि मते अडली की बाहेरचा पंच बसवला जातो. या प्रकारच्या वादावरून पुकारलेला संप न्यायालय मनाई हुकूम काढून थांबवू शकते, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच स्पष्ट केले. त्यामुळे ज्याचे काम दुसऱ्याला दिले गेले तो कामगार एरवी हत्यार खाली ठेवत नाही. तो आपल्या बुडालेल्या रोजाचा लेखी दावा दाखल करतो आणि तो दावा एकेक पायरी चढत बोर्डापर्यंत जातो.

अलीकडचे उदाहरण रिमोटवर चालणाऱ्या इंजिनांचे आहे. यार्डात जमिनीवर उभे राहून, अंगावर बांधलेल्या पेटीवरून इंजिन हलवण्याचे तंत्र आले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ते काम युनायटेड ट्रान्सपोर्टेशन युनियन या गाडीवरील व यार्डातील इतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या माणसांकडे सोपवण्याचे ठरवले. इंजिन हलवणे हे चालकाचेच काम, अशी ब्रदरहुड ऑफ लोकोमोटिव्ह इंजिनिअर्स या चालकांच्या संघटनेची भूमिका होती आणि संपाची भाषाही झाली. परंतु 2002 मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयाने हा कराराच्या अर्थाचा वाद ठरवून संप रोखला, आणि 2003 मध्ये लवादाचा निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला.

दोनदा पैसे मोजण्याची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीत पूर्वी तारबाबू (तारयंत्रावर संदेश पाठवणारे कर्मचारी) करीत असलेले काम स्वयंचलित यंत्रांवर गेले आणि कंपनीने ती यंत्रे कारकुनांच्या हाती दिली. तारबाबूंच्या युनियनने बोर्डाकडे दाद मागितली. कारकुनांच्या युनियनला नोटीस गेली, तरी ती सुनावणीला आली नाही. हे काम आमच्याकडून काढले तर आम्हीही असाच दावा लावू, एवढे मात्र तिने कळवून ठेवले. बोर्डाने फक्त तारबाबूंचा करार वाचला आणि ज्या कामाचा पगार कारकुनांना देऊन झाला होता, त्याच कामाचे पैसे तारबाबूंनाही देण्याचा आदेश काढला. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाची अंमलबजावणी नाकारली: दोन्ही करार समोर ठेवून, दोन्ही युनियनांचा वाद एकाच कारवाईत मिटवणे हे बोर्डाचे कर्तव्य आहे, असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. म्हणजे ज्या दुहेरी भरपाईकडे बोट दाखवले जाते, तिच्यावर न्यायालयाने तेव्हाच बोट ठेवले होते. शिवाय कारकुनांशी आणि तारबाबूंशी केलेल्या दोन्ही करारांवर सही एकाच कंपनीची होती. एकच काम दोघांना कबूल करून बसलेल्या पक्षाला निव्वळ बळी ठरवणे मला पटत नाही.

बोल्टाविषयी सांगायचे तर दुरुस्ती कारखान्यांत कारागिरांच्या सीमा खरोखरच काटेकोर होत्या. तथापि 1969 च्या अखेरीस चार कारखाना-युनियनांशी झालेल्या तडजोडीत एक कलम आले: मुख्य कामासाठी वाटेतली तार, नळी किंवा झाकण काढून पुन्हा बसवायचे असेल, तर ते दुसऱ्या कारागिराच्या वाट्याचे असले तरी मुख्य काम हाती असलेल्या कामगारानेच करावे, मात्र त्यास मुख्य कामापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. या चौघांपैकी पत्रेकाम आणि नळकाम करणाऱ्यांच्या युनियनने याच कलमामुळे तडजोड फेटाळली. त्यामागे निव्वळ हेका नव्हता. कपातीत आधी कोण जाणार हे ठरवणारी ज्येष्ठता यादी प्रत्येक कारागिरीची वेगळी असते. नळ्यांचे काम दुसऱ्यांकडे झिरपू लागले की कपातीत नळकामवाला घरी जातो, आणि त्याची वीस वर्षांची ज्येष्ठता मशिनिस्टच्या (यंत्रकाम करणाऱ्या कारागिराच्या) यादीत कवडीच्या मोलाची नसते. अखेर एप्रिल 1970 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून ती तडजोड लागू केली. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी सैल झालेला नियम आजचा म्हणून सांगितला जातो, ही या मजकुराची खरी गफलत आहे.

एकच युनियन हवी, ही सूचना भारतीय वाचकाला स्वाभाविक वाटते, कारण आपल्या रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान झोननिहाय होते आणि फिटर, कारकून, स्टेशन मास्तर एकाच मतदानात भाग घेतात. अमेरिकेत मात्र प्रतिनिधित्व कारागिरीनुसार ठरवावे हे कायद्यातच आहे, आणि त्या सीमा नॅशनल मेडिएशन बोर्ड हे सरकारी मंडळ आखते. एकत्रीकरण तेथेही झाले आहे: वरच्या खटल्यातील तारबाबूंची युनियन 1969 मध्ये कारकुनांच्याच युनियनमध्ये विलीन झाली. पण फलक एक झाला म्हणून ज्येष्ठतेच्या याद्या आपोआप एक होत नाहीत. पुढचा दावा मग त्या याद्यांवरून उभा राहतो.

रेल्वे बुडण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रक, 1956 च्या कायद्याने उभे राहिलेले आंतरराज्य महामार्ग आणि दरांवरचे सरकारी नियंत्रण ही घसरणीची ठळक कारणे होती. पेन सेंट्रलसारखी बलाढ्य कंपनी 1970 मध्ये दिवाळखोरीत गेली. 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने दरांवरचे बंधन बरेच सैल केल्यावर मालवाहतूक कंपन्या सावरल्या, तेव्हाही 1926 चा हाच कायदा आणि कारागिरीवार युनियनांचीच पद्धत होती. कामाच्या नियमांचा भार नव्हता असे मी म्हणत नाही. डिझेल इंजिनावर फायरमन (वाफेच्या इंजिनात भट्टी सांभाळणारा कामगार) ठेवावा की नाही, यावरून इतके रणकंदन झाले की 1963 मध्ये काँग्रेसला तो प्रश्न सक्तीच्या लवादाकडे सोपवावा लागला. तो खर्चाचा खरा बोजा होता, परंतु तो तंटा कंपन्या आणि युनियना यांच्यातला होता, दोन युनियनांमधला नव्हे, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा साधा उल्लेखही नाही.