हप्ता महिन्याला, बाजार 'शेवटी'

"मावशी, आधी वाच, मग नाही म्हण." भाच्याने फोन पुढे केला. 'श्रीमंतांचे पाच नियम, जे शाळेत शिकवत नाहीत.' हा मेसेज मला याआधी तिघांनी पाठवलाय आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुसलाय. या वेळी पुसून भागणार नव्हतं, कारण पठ्ठ्याने पर्सनल लोनचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता.

तो भरायला लावणारा नियम चौथा: 'कर्ज 11 टक्क्यांनी मिळतं, शेअर बाजार 14 टक्के देतो. मधला फरक तुमचा. बाजार शेवटी वरच जातो.'

अहो, 14 टक्के ही सरासरी आहे! पहिल्या वर्षी शंभराचे दोनशे झाले, दुसऱ्या वर्षी दोनशेचे परत शंभर. अधिक 100, वजा 50. सरासरी काढा, वर्षाला 25 टक्के भरते. हातात काय? तेच शंभर. व्याज मात्र दोन्ही वर्षं गेलं. आता त्या शंभरात 20 तुमचे आणि 80 कर्जाचे आहेत असं धरा. बाजार 20 टक्के पडला की तुमचे वीसच्या वीस गेले आणि कर्ज जागच्या जागी. पगारातून हप्ता निघेना झाला, तर शेअर विकायचे, तेही पडलेल्या भावात. मग बाजार वर आला तरी तुमच्याकडे उरलंय काय?

आणि 'शेवटी' म्हणजे कधी? जपानचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 ला 38,915 वर बंद झाला. मार्च 2009 मध्ये तो 7,054 होता. जुना उच्चांक ओलांडला 22 फेब्रुवारी 2024 ला. चौतीस वर्षं! लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, कबूल. पण इतकी वर्षं थांबणारी बँक मला तरी माहीत नाही. भाच्याचं कर्ज पाच वर्षांचं आहे.

बाकीचे नियम चटकन उरकते. पहिला, 'बचतीने कोणी श्रीमंत होत नाही.' हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. महागाई 6 टक्के असेल तर (72 ला दराने भागायचं, हा ढोबळ हिशेब) 72 भागिले 6, म्हणजे साधारण बारा वर्षांत नुसत्या पडून राहिलेल्या पैशाची किंमत निम्मी होते. म्हणून गुंतवायचं, पण स्वतःचं, आणि अडीअडचणीचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढून. भाच्याकडे दोन महिन्यांचेही नाहीत. दुसरा, 'विमा म्हणजे पैसे पाण्यात.' हे ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही त्याने म्हणावं. तिसऱ्यात चक्रवाढ व्याजाला आइनस्टाईनने आठवं आश्चर्य म्हटल्याचं ठोकून दिलंय. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. तरी चक्रवाढ खरीच आहे, आणि ती कर्जावरही चालते.

पाचवा नियम: 'विचार करत बसू नका, आजच सुरुवात करा.' खाली लिंक. गुंतवणुकीची असेल असं वाटलं होतं. उघडली, तर कर्जाच्या अर्जाची निघाली. भाच्याने भरलेला अर्ज तोच.

"अगं, हे बघितलंच नव्हतं मी," म्हणाला. अर्ज अजून पुसलेला नाही त्याने.