जेवणारे कोण, ते आधी बघा

दर डिसेंबरात पुण्या-नाशकाकडून, हल्ली न्यू जर्सीहूनही, मेसेज येतात: "दोन दिवस मुंबईत आहोत, खायच्या जागांची यादी पाठव गं." यादी द्यायला माझं काही जात नाही. ती नेटवर पन्नास ठिकाणी पडलेली आहे आणि सगळीकडे तीच आहे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव, कयानीचा ब्रून-मस्का, मिनारा मशिदीजवळचे मालपुवे, माटुंग्याचा डोसा. पदार्थ चांगलेच आहेत, त्यावर वाद नाही. पण यादी धरून, मिळेल त्या वेळेला मिळेल ते खात फिरणाऱ्याच्या हाती फोटो लागतात, शहर काही लागत नाही. आता यावर जरा लांबण लावणार आहे, तेव्हा ज्यांना ट्रेन पकडायची आहे त्यांनी इथूनच उतरावं.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबईत बाहेर जेवण्याची सोय झाली ती हौसेसाठी झालेली नाही. बायकोपोरं गावी ठेवून आलेल्या, एका खोलीत दहा-पंधरा जणांत झोपणाऱ्या एकट्या पुरुषांचं पोट भरायला झाली. त्यांना परवडेल असं, त्यांच्या चवीचं आणि कामाच्या वेळेला मिळणारं जेवण कुणीतरी रांधत होतं. म्हणून कुठल्याही वस्तीत खायला गेलात की आधी बघा, हे कुणासाठी शिजतंय आणि तो माणूस किती वाजता जेवतो. मग त्याच्या वेळेला जा.

माटुंगाच घ्या. १८९६च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. फोर्टातल्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकरीला लागलेली तमिळ, कानडी, मल्याळी मंडळी तिथे राहायला आली, आणि त्यांच्या पाठोपाठ उडुपीकडचे स्वयंपाकी. राम आश्रय १९३९चं, किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४०चं, स्टेशनबाहेरचं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. ऑफिसला निघालेल्या कारकुनाला नाश्ता आणि परतलेल्याला पानावर वाढलेला भात, असा हा सगळा व्यवहार. राम आश्रयची भट्टी भल्या पहाटे पेटते ती त्यामुळेच. रविवारी दहा वाजता तिथे पोचून रांगेत तिष्ठणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, मधल्या वारी साडेसहाला जा. कपाळावर विभूती लावलेले, चालून आलेले आजोबा पेपर उघडून बसलेले असतात, वेटर त्यांना काय हवं ते विचारत नाही. डबऱ्यातून, म्हणजे खोलगट वाटीतून, टंबलरमध्ये कॉफी ओतण्याचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता असते. डोसा तोच असतो म्हणा.

आणि आपण मराठी माणसांनी या उडप्यांशी काय केलं तेही आठवावं. १९६६ला शिवसेना निघाली, आणि त्यानंतरच्या "उठाव लुंगी"च्या दिवसांत याच हॉटेलांवर दगड पडले. ज्यांनी तेव्हा आरोळ्या दिल्या त्यांचीच नातवंडं आज इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवून झोपतात. उडप्यांनी याबद्दल कधी कुणाला टोमणा मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कदाचित गल्ल्यावर बसून टोमणे मारणं परवडत नसावं.

सकाळचीच दुसरी जागा, अगदी दुसऱ्या टोकाची: बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी. मातीच्या ओट्यात पुरलेल्या हंड्या रात्रभर मंद विस्तवावर असतात. एकीत पाये, एकीत नळी, एकीत शेपटीचं मांस, आणि गिऱ्हाईक आपल्या मर्जीने दोन-तीन हंड्यांचा मेळ मागतं. वर रस्सा, सोबत रोटी किंवा लांब पाव. एवढं जड खाणं सकाळी कोण खातं? तर दिवसभर हातगाडी ओढणारा, गोदामात पाठीवर गाठोडी वाहणारा. दुपारी दोनपर्यंत भूक लागता कामा नये, हा हिशोब. २०१५च्या कायद्यानंतर बैल बंद झाला, आता म्हशी-रेड्याचं. मला पाये चालतात, नळी झेपत नाही. एकटी बाई गेली की मुलगा मुकाट्याने कोपऱ्यातलं बाक पुसून देतो, आणि नंतर कुणी वर बघत नाही. चकाचक कॅफेंमध्ये माझ्याकडे याहून जास्त बघितलं गेलंय.

बोहऱ्यांचं स्वतःचं खरं जेवण मात्र घरात, एका मोठ्या थाळाभोवती. आधी चिमूटभर मीठ, मग गोड, मग तिखट, पुन्हा गोड. ते हॉटेलात मिळत नाही आणि मिळू नये असंच मला वाटतं. शेजारच्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. लोकांना नीट घरं मिळायलाच हवीत. पण तळमजल्याच्या सहा-आठ फुटी गाळ्यात जे शिजत होतं ते पोडियमवर, लिफ्टच्या शेजारी शिजेल का, याबद्दल मला शंका आहे.

आता आपलं घर. गिरणगाव. परळ-लालबागला खाद्यभ्रमंती करायला येणारे मालवणी हॉटेलात कोंबडी-वडे खातात आणि "ऑथेंटिक" म्हणून खूश होतात. गिरणी कामगार रोज कोंबडी-वडे खात नव्हता हो! तो खाणावळीत जेवत होता, आणि खाणावळ म्हणजे चाळीतली एक खोली, जिथे एक बाई वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करत होती. पाळीप्रमाणे माणसं यायची: पहिली पाळी सुटली की एक पंगत, रात्रपाळीला जाणाऱ्यांची दुसरी. कोकणातल्यांची खाणावळ वेगळी, घाटावरच्यांची वेगळी. एकीकडे कुळथाची पिठी आणि सुकट, दुसरीकडे भाकरी आणि झुणका. पैसे पगार झाल्यावर. महिनाभर वाण्याकडून उधारीवर सामान आणायचं ते या बाईने, व्याज भरायचं तेही तिनेच. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खाणावळवाल्यांसाठी. सावकार आणि वाण्याच्या तावडीतून सोडवायला राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या. त्यांना पुढे पद्मश्रीही मिळाली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. इतिहास लिहिणारे दत्ता सामंतांबद्दल लिहितात, मालकांबद्दल लिहितात. पण पगारच बंद झाल्यावर या बायकांच्या वहीतल्या उधारीचं काय झालं असेल, याचा विचार करा.

आज त्याच गिरण्यांच्या आवारात जपानी, पेरूवियन, इटालियन सगळं मिळतं. मी जाते, खाते, नाकं मुरडत नाही. फक्त कुळथाची पिठी मात्र तिथे कुणी देत नाही. दादरच्या थाळीवाल्यांकडे कधीमधी मिळते, तेवढाच दिलासा.

इराण्यांबद्दल इतकं लिहून झालंय की मी गप्प बसते. मेरवानच्या मावा केकसाठी लवकर उठावं लागायचं, एवढंच.

आणि "कोळीवाडा" नावाच्या त्या लाल कोळंबीबद्दल. ती कोळ्यांची नाही. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात, म्हणजे आजच्या गुरू तेग बहादूर नगरात, निर्वासितांच्या बराकी होत्या. तिथल्या पंजाब्यांनी ओवा-बेसनाच्या पिठात आपल्या पद्धतीने मासे तळले आणि वस्तीचं नाव पदार्थाला चिकटलं. वेसाव्याच्या एखाद्या कोळणीला हा पदार्थ तुमचा म्हणून दाखवून बघा, आणि मग काय ऐकायला मिळतं ते मला कळवा. मला तो पदार्थ प्रचंड आवडतो. चेंबूर कॅम्पातलं सिंध्यांचं डाळ-पकवानही तसंच, निर्वासितांनी आणलेलं, आणि तेही सकाळीच. उशिरा जाल तर पकवानाचा चुरा मिळेल.

तर मुद्दा असा की या सगळ्या जागा, माटुंगा, मोहल्ला, कोळीवाडा, या काल आलेल्यांच्या आहेत. त्यांची मुलं शिकली, मुलुंडला गेली, अमेरिकेला गेली. नाश्त्याला परत येतात ती आठवणीपोटी. आज जो गाव सोडून येतोय तो दक्षिण मुंबईत उतरतच नाही, त्याला तिथे झोपायला जागा नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. रमजानच्या रात्री मीरा रोडच्या नया नगरला जा आणि बघा, मोहम्मद अली रोडवर जेवढे फोटो काढणारे असतात तेवढे इथे नमाज सुटून आलेले, घरचे लोक असतात. साकीनाक्याच्या कारखान्यांबाहेर लिट्टी-चोख्याच्या गाड्या असतात, जेवायच्या सुट्टीत, तासभर. आमच्या फूड वॉकवाल्यांचे पाय अजून तिकडे वळलेले नाहीत.

कलिना घ्या. मणिपूर, मिझोराम, नागालँडची मुलंमुली हॉटेलांत, सलूनमध्ये, विमानतळावर काम करतात आणि तिथे भाड्याने राहतात. गल्लीत एखादं छोटं जेवणघर सापडतं, धुरावलेलं डुक्कर, बांबूचे कोंब, आंबवलेलं सोयाबीन. शेजाऱ्यांची तक्रार एकच: वास. दिल्ली पोलिसांनी तर २००७ साली ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिकाच काढली होती, उग्र वासाचं रांधताना शेजारीपाजारी गोंधळ होऊ देऊ नका म्हणून. हे वाचून हसणाऱ्या माझ्या जातभाईंनो, सुके बोंबील भाजले म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपल्यापैकी किती जणांची नावं निघाली आहेत? मग कलिन्याच्या त्या मुलीच्या बाजूने पहिला हात आपला वर जायला हवा. जात नाही. आपणही "कसला घाण वास" म्हणून खिडकी लावून घेतो. मला याचा राग येतो आणि तो मी या पोस्टमध्ये काढतेय.

आणि खाणावळ? ती मेली नाही, फक्त कल्याणच्या अलीकडे सरकली. भिवंडीत यंत्रमागावर उत्तर प्रदेश-बिहारकडची, तेलंगणाकडची एकटी माणसं काम करतात. ती जिथे जेवतात तिला तिथे भिस्सी म्हणतात. दोन वेळचं जेवण, बारा तासांच्या पाळीप्रमाणे पंगती, हिशोबाची वही, पगारावर पैसे, आणि बऱ्याच ठिकाणी चुलीपाशी बाईच. लालबागचीच गोष्ट, फक्त भाषा बदलली. डाळ, भात, रोटी, एखादी भाजी, कधी सालन. फोटोला काहीही नाही.

कामानिमित्त तिकडे गेले होते तेव्हा एका भिस्सीच्या दारात उभी राहून मी विचारलं, जेवायला मिळेल का. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "महिना भरोगी क्या?"