बायपासवाला माणूस दहा वर्षांवर जगत नाही?

पंधरा दिवसांत आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावाच्या ग्रुपवर एकच मेसेज चौथ्यांदा आला : "बायपास केलेला माणूस दहा वर्षांवर जगत नाही. शुगर असेल तर फाडाफाडी नकोच, स्टेंट बरा. आलं, लसूण, लिंबू आणि सफरचंदाच्या व्हिनेगरचा काढा घ्या, ब्लॉकेज मोकळे होतात." तो वाचून शेजारच्या काकूंनी काकांची नागपूरची बायपासची तारीख रद्द केली, म्हणून लिहितो आहे.

दहा वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. बायपासमध्ये पायातली शीर काढून, ब्लॉकेजला वळसा घालून हृदयाला जोडतात; स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळीची नळी. अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात. मेसेजवाल्याने शिरेचं वय माणसाला चिकटवलं. एका माणसाला बहुधा तीन-चार जोडण्या असतात आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची, हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीवरची, सहसा छातीतल्या धमनीची करतात. ती दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांत वाहती असते. माझ्या मोठ्या बाबांची बायपास २००९ मध्ये झाली. यंदाही ते डवरणीला तुरीत होते. पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. 'सिंटॅक्स' अभ्यासात १,८०० रुग्ण होते. तिन्ही धमन्या खराब असलेल्यांपैकी दहा वर्षांत स्टेंटवाले २८ टक्के दगावले, बायपासवाले २१ टक्के. म्हणजे बायपासनंतर शंभरातले एकोणऐंशी जिवंत होते.

शुगरचं तर नेमकं उलटं आहे. २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात एकाहून जास्त धमन्यांत ब्लॉकेज असलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात १६.३ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात १०.९.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. प्रत्येक ब्लॉकेजला ऑपरेशन लागत नाही. दुखणं स्थिर असलेल्या पाच हजारांवर रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासात (२०२०) नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू जास्त झाले नाहीत. पण ती औषधं म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, रक्ताची गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन, बीपीच्या गोळ्या. काढा नव्हे.

ब्लॉकेज म्हणजे नालीतला गाळ नव्हे, की आंबट ओतलं आणि वाहून गेला. चरबी, तंतू आणि कॅल्शियमचा तो थर धमनीच्या भिंतीच्या आत असतो. पोटात गेलेला लसूण तो खरवडत नाही. काढ्याच्या भरवशावर लोक गोळ्या सोडतात, याची मला खरी भीती वाटते. जोडलेली शीर उघडी राहायला अ‍ॅस्पिरिन लागतेच. आणि एवढ्या लांब मेसेजात खर्ऱ्याचं, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीचं, नावही नाही! ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. मोठ्या बाबांनी ऑपरेशनच्या दिवशी खर्रा सोडला, तो आजतागायत.

काकूंना पैशाचीही धास्ती होती; महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बायपास बसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. परवा काकांची फाइल घेऊन आम्ही पुन्हा नागपूरला जातो आहोत. बायपास, स्टेंट की नुसती औषधं, हे ठरवायला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत : डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज आहे का, एकूण किती धमन्यांत आहे, आणि हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे.