डिस्ट्रो ओळखण्याची शास्त्रोक्त पद्धत

कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम लिहून झाला आणि आता तो लिनक्सच्या कुठल्या वाणावर, म्हणजे डिस्ट्रोवर (उबुंटू, फेडोरा, अल्पाइन वगैरे), चालतोय हे त्याला कळायला हवंय ना? मग पहिलं पथ्य पाळा: /ईटीसी/ओएस-रिलीज ही फाइल उघडायची नाही. 2012 पासून ती आहे, उबुंटूपासून अल्पाइनपर्यंत बहुतेकांकडे आहे आणि आत 'आयडी=फेडोरा' असं सरळ लिहिलेलं असतं. दारावरची पाटी वाचून आडनाव सांगितलं, तर तुमची हुशारी दिसणार कशी?

त्यापेक्षा 'युनेम -ए' ही कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) माहिती देणारी कमांड चालवा. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) असाल तर कर्नल यजमान मशीनचा दिसतो. म्हणजे अल्पाइनच्या कंटेनरमध्ये बसून 'आम्ही उबुंटूवाले' असं छातीठोकपणे सांगता येतं. किंवा /ईटीसी/डेबियन_व्हर्जन सापडली की डेबियन ठरवून मोकळे व्हा. उबुंटू 22.04 मध्येही ती फाइल आहे आणि आत 'बुकवर्म/सिड' अशी डेबियनच्या आवृत्त्यांची नावं लिहिली आहेत. बुकवर्म आलं 2023 मध्ये, पण एवढ्या तेवढ्यावरून कोण भांडतंय?

डिस्ट्रोचं नाव सांगणारी एलएसबी_रिलीज कमांड आहे की नाही हे न बघताच तिच्यावर विसंबा. छोट्या इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) ती बहुधा नसतेच. पायथनवाल्यांनी डिस्ट्रो ओळखणारं प्लॅटफॉर्म.लिनक्स_डिस्ट्रिब्यूशन() कुठूनतरी उचलून चिकटवावं, ते पायथन 3.8 मध्ये काढून टाकलंय, पण जुनं ते सोनं.

इतकं सांगूनही ओएस-रिलीज वाचायचीच असेल, तर शेल स्क्रिप्टमध्ये ती थेट सोर्स करा, म्हणजे तिच्यातल्या ओळी आपल्याच स्क्रिप्टच्या असल्यासारख्या चालवा. तुमच्याकडे आधीच 'व्हर्जन' नावाचं व्हेरिएबल असेल, तर दुधात साखर! फाइलमध्येही त्याच नावाची ओळ असते आणि ती तुमचं मूल्य पुसून टाकते. मग कुणी तुमच्या प्रोग्रॅमची आवृत्ती विचारली की उत्तर येतं: '22.04.4 एलटीएस (जॅमी जेलीफिश)'. कालच जन्मलेल्या प्रोग्रॅमला केवढी ही बढती!

त्याच फाइलमधल्या 'आयडी_लाइक'कडे (हा डिस्ट्रो कुणासारखा, ते सांगणारी ओळ) दुर्लक्ष करा. मिंट हा डिस्ट्रो तिथे आपण उबुंटूच्या घराण्यातले असल्याचं सांगत असतो, पण आपल्या यादीत नाव नाही म्हणजे नाही. 'व्हर्जन_आयडी' (आवृत्तीचा क्रमांक) मात्र सक्तीचा ठेवा. आर्च या डिस्ट्रोकडे तो नसतो, त्यांची खोड मोडलीच पाहिजे.

खरं तर तुम्हाला हवं होतं एवढंच, की मशीनवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला एपीटी-गेट आहे की डीएनएफ. 'कमांड -व्ही' लिहून ते एका ओळीत विचारता आलं असतं. पण मग इफ-एल्सची ती लांबलचक माळ ओवायची कुणी? ओवा. आणि ज्याचं कशाशीच जुळत नाही, त्याला शेवटच्या एल्समध्ये उबुंटू समजा आणि न विचारता सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एपीटी-गेट चालवा.