खुलासा : थरथर सर्वोची नाही, पल्सची

नागपुरात इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय : 'रास्पबेरी पायवर सर्वो थरथरतो म्हणजे सर्वो खराब, बर्डीवरून नवा आणा.' सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनावर हात फिरवून थांबणारी छोटी मोटर, आणि रास्पबेरी पाय म्हणजे तिला चालवणारा छोटासा कॉम्प्युटर. बर्डीची (सीताबर्डी बाजाराची) चक्कर वाचवा. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी साधारण १ ते २ मिलिसेकंदांची पल्स (विजेचा छोटा ठोका) लागते; तिच्या लांबीवरून कोन ठरतो. त्या लांबीत १० मायक्रोसेकंदांचा फरक पडला तरी सर्वोचा हात जवळपास एक अंश हलतो. पायवरची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स एकाच वेळी दहा कामं बघतं, म्हणून साध्या पायथन कोडमधून निघालेली पल्स कमीजास्त होते. त्याऐवजी पायच्या जीपीआयओ १८ या पिनवरचा हार्डवेअर पीडब्ल्यूएम (पल्स कोडऐवजी चिपच मोजून देते) किंवा पल्स तयार करणारा वेगळा पीसीए९६८५ बोर्ड वापरा. सर्वोला ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड (मायनसची तार) मात्र पाय आणि त्या सप्लायचं एकच. हो, गिअरचे दात तुटले असतील तर बर्डी गाठावीच लागेल.