किल्ली कोणाकडे असते?

आज दुपारी एका बागेच्या पार्किंगमध्ये जे पाहिलं, त्याने अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

गाडीची डिकी उघडी. आत चटई टाकून नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आडवं केलेलं. आई त्याचा डायपर बदलतेय आणि बाप दोन्ही हातांनी चादर धरून आडोशाला उभा. वारा होता, चादर सारखी उडत होती. बाजूला धाकटी बहीण, मुठीत सगळ्यांची तिकिटं. आणि तिथून पन्नास पावलांवर ठळक निळी पाटी: दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह. दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. तो आल्यावर दार उघडलं, तर आत पाइपाची भेंडोळी, रंगाचे डबे, मोडकी खुर्ची, आणि कमोडवर फरशी पुसायची बादली उपडी घातलेली.

त्या बागेचा रॅम्प मात्र उत्तम होता हो. कठडा वगैरे लावलेला. त्यावर चढून जायचं कुठे, तर कुलपापर्यंत.

रॅम्पचं कौतुक आता पुरे करूया. घरात असं मूल असलेल्या कुणालाही विचारा, सहल ठरते ती संडासावर. तीन तास बाहेर राहायचं की दीडच, मुलाला पाणी पाजायचं की नाही, सगळं त्यावर. सोय नसेल तर आया सकाळपासून मुलाला पाणी कमी देतात. उन्हात. ज्या मुलांना दर तीन-चार तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढावी लागते, त्यांना ते डिकीत करायचं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रणच.

बरं, दार उघडं असलं तरी काय? आत व्हीलचेअर पूर्ण फिरायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असेल तर आधी चाकाला अडतं. आणि मूल आत पडलं तर त्याच्याच अंगाने दार दाबलं जातं, बाहेरून उघडता येत नाही. हे सगळं जमलं तरी आजच्या त्या मुलासारखं जे मूल बसूच शकत नाही, त्याला कमोडचा उपयोग काय? भिंतीवरची, बाळांचे डायपर बदलायची घडीची फळी तान्ह्या मुलांसाठी असते, दहा वर्षांचं मूल तिच्यावर ठेवलं तर ती भिंतीतून सुटून येईल. लागतो तो मोठ्या माणसाच्या लांबीचा, वरखाली होणारा बाक आणि हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून ठेवणारं यंत्र. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची चळवळ नेमकी हीच मागणी लावून धरतेय: साधारण १२ चौरस मीटरची खोली, बाक, हॉइस्ट, मधे पडदा, कमोडच्या दोन्ही बाजूंना मदतनिसाला उभं राहायला जागा. २०२१ पासून इंग्लंडमध्ये काही प्रकारच्या मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींना ती खोली बंधनकारकही झाली.

खर्च येतो. मान्य. जुन्या वास्तूत तोडफोड करता येत नाही, तेही मान्य. पण कमोडवरची बादली उचलायला कसलं बजेट लागतं?

आता ज्यांना या रविवारी जायचंच आहे त्यांच्यासाठी. फोन करून ‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का’ असं विचारू नका. ‘हो हो, आहे ना’ हेच उत्तर येतं आणि बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात फक्त रॅम्प असतो. आकडे विचारा. गेटपासून संडासापर्यंत पायऱ्या किती? ‘एकच’ म्हणाले तर उंची विचारा. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १:१२ च्या उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट लांब, १ मीटर ८० सेंटिमीटरचा रॅम्प लागतो, दोन पायऱ्यांना त्याच्या दुप्पट. दोन पायऱ्यांवर तीन फुटांची फळी टाकून जे करतात ती घसरगुंडी असते. आत शिरायला फिरता दांडा आहे का? असेल तर शेजारचं फाटक उघडं असतं की त्यालाही कुलूप? पार्किंगपासून संडासापर्यंतच्या वाटेचे चार फोटो मोबाइलवर मागवा. लोक पाठवतात, खरंच पाठवतात. फोटोत खडी, वाळू किंवा मऊ हिरवळ दिसली की वेळेचा अंदाज दुप्पट करा.

कारण व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, खडीत ती रुततात आणि मूल पुढे झेपावतं. अशा जागी खुर्ची पुढे ढकलायचीच नाही. मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचला, खुर्ची मोठ्या चाकांवर तोला आणि उलटी ओढत न्या. तीव्र उतारावरही उलटंच उतरायचं. पायऱ्यांवरून उचलायची वेळ आलीच, तर हात ठेवायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या धरू नका. बऱ्याच खुर्च्यांचे हे भाग निघणारे असतात आणि उत्साही मदतनीस नेमके तेच धरतात. सांगाडा धरायचा. निघण्याआधी चाकांतली हवा तपासा. हवा कमी असेल तर ब्रेक टायरवर नीट दाबला जात नाही, आणि ब्रेक लावलेली खुर्चीसुद्धा उतारावर सरकते.

तर ते कुटुंब. बाप चादर सावरत असताना एक गृहस्थ बाजूने जाता जाता म्हणाले, ‘एवढा त्रास होतो तर घरी ठेवावं.’ हळू आवाजात, अगदी काळजीने वगैरे. माझा संताप आहे तो इथे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात कलम ३० मध्ये स्पष्ट लिहिलंय की खेळ, करमणूक आणि फुरसत यांत दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता आला पाहिजे. हे तिथे कुणाला सांगणार, म्हणा. चादर उडत होती.

आणि ‘सोय’ म्हटली की सगळ्यांना चाकंच दिसतात. बाकीचं कुणी बोलतच नाही. स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळणं) असलेल्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता खूप जास्त असते, म्हणजे गेटवर प्रेमाने हातात दिलेला साधा रबरी फुगा धोक्याचा. त्यांच्या पायांना संवेदनाही बऱ्याचदा कमी असते. तापलेल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर भाजलं तरी मूल रडणार नाही. आधी आपला हात लावून बघा. डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यामुळे ट्रॅम्पोलिन किंवा मानेला झटके देणाऱ्या राइडआधी डॉक्टरांना विचारायचं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, असेल तर प्लास्टिकच्या घसरगुंडीआधी बाहेरचा भाग काढून ठेवा, घर्षणाने तयार होणारी वीज त्याला बिघडवू शकते. फिट्स येणाऱ्या मुलाचं औषध डिकीतल्या बॅगेत नको, सोबतच्या माणसाच्या कमरेच्या पाऊचमध्ये हवं, कारण फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती तातडीची वेळ असते आणि पार्किंगपर्यंत धावण्यात तीन मिनिटं जातात.

स्वमग्न मुलांसाठी मला सगळ्यात मोठा शत्रू वाटतो तो हात वाळवायचं यंत्र. गर्दी चालेल, एकदम कानाशी घोंघावणारं ते यंत्र नाही. कान झाकणारे हेडफोन संडासात शिरण्याआधी घालायचे, आवाज सुरू झाल्यावर नाही. तेव्हा उशीर झालेला असतो. आदल्या दिवशी जागेचे फोटो क्रमाने दाखवा: गेट, झोका, डबा, गाडी, घर. शेवटचा ‘घर’चा फोटो विसरू नका, निघताना होणारी अर्धी रडारड त्यानेच टळते. बाग उघडतानाच्या वेळेला जा, रांग नसते. आणि तळं, कारंजं, टाकी कुठे आहे ते सगळ्यात आधी बघा. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, ती डोळ्यादेखत सटकतात, आणि मग बुडण्याचा धोका खरा असतो.

खेळणी बसवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. व्हीलचेअरसकट चढायचा झोका फोटोत छान दिसतो, पण तो जड असतो, त्याला वेगळं कुंपण लागतं, मग तिथेही कुलूप येतं आणि मूल एकटंच झुलतं. त्यापेक्षा मोठा गोल जाळीचा झोका लावा. त्यात ज्याला बसता येत नाही त्याला आडवं ठेवता येतं आणि शेजारी बहीण बसू शकते. जमिनीच्या पातळीत बसवलेलं गोल चक्र, गुडघे आत जातील असं उंच वाळूचं टेबल, खाली खडीऐवजी रबरी जमीन. एवढ्यावर बाग उभी राहते. अमेरिकेत सॅन अँटोनियोला २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ सुरू झालं, एका बापाने आपल्या मुलीला कुणाबरोबर खेळता येईना म्हणून उभारलेलं. २०१७ मध्ये त्यांनी पाण्याचं उद्यान जोडलं, तर बॅटरीची खुर्ची पाण्यात चालत नाही म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या बनवून घेतल्या. इतका विचार करणारे लोक जगात आहेत.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. किल्लीवाल्या माणसावर खरं तर माझा राग नाहीच. तो ओशाळला, एकटाच डबे बाहेर काढायला लागला. आतली फरशी ओली होती, मुलाला ठेवणार कुठे? तोवर डिकीतलं काम उरकलंही होतं. मला आठवत राहते ती मुलगी. अशा घरांतल्या भावंडांचा दिवस कायम दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो. जमलं तर दोन मोठी माणसं न्या आणि पहिला अर्धा तास एकाने फक्त तिच्याबरोबर खेळायचं ठरवून टाका, आधी. ‘नंतर बघू’वर ठेवलं की तोवर मूल दमलेलं असतं आणि निघायची वेळ झालेली असते.

त्या आईची चटई पातळ होती, म्हणून शेवटची गोष्ट. डिकीत कायम ठेवायला १८० बाय ६० सेंटिमीटरची, घडी होणारी, पाणी न शोषणारी फोमची गादी, एक मोठं प्लास्टिक, आणि आडोशाला चादरीऐवजी मिनिटात उघडणारा कपडे बदलायचा छोटा तंबू. वाऱ्यात खुंट्या ठोका. वीस किलोच्या पुढचं मूल एकट्याने उचलू नका, दोघांनी, आणि त्याच्या डोक्याकडचा माणूस ‘एक, दोन, तीन’ म्हणेल.

आणि फोन कराल तेव्हा दुपारी १ ते २ किल्ली कोणाकडे असते, तेही विचारून घ्या.